आकडा ५३च, पण भोकं चुकलेली: स्नोबोर्डच्या स्टान्सचं एक प्रकरण

पार्श्वभूमी

हे प्रकरण कोलोराडोतलं. डेन्व्हरच्या उपनगरात राहणारं मराठी जोडपं, दोघंही चाळिशीला टेकलेले. त्यातल्या बाईंना मी एरवी वहिनी म्हणतो, म्हणून इथेही वहिनीच. त्यांचा नवरा म्हणजे माझा मित्र. ओळख पटेल असे तपशील गाळले आहेत. मापं मात्र जशीच्या तशी ठेवली आहेत, कारण सगळी गोम त्या मापांतच आहे. स्टान्स म्हणजे बोर्डावर दोन पाय किती अंतरावर आणि कोणत्या कोनात बसवले आहेत ते. मी हिवाळ्यात शनिवार-रविवार स्नोबोर्डिंग शिकवतो. बोर्डावर गुडघा दुखतो अशी तक्रार घेऊन आलेल्या माणसाचे मी आधी पाय बघतो, मग बोर्ड. या वेळी उलट्या क्रमाने गेलो असतो तरी चाललं असतं.

वहिनींची उंची १५८ सेंटीमीटर, वजन ५५ किलोच्या आसपास. डावा पाय पुढे, म्हणजे 'रेग्युलर'. पहिले दोन हंगाम त्या भाड्याच्या बोर्डावर शिकल्या. हिरव्या, म्हणजे सगळ्यांत सोप्या उतारांवर दोन्ही बाजूंची वळणं जमत होती आणि निळ्यावर, म्हणजे मध्यम उतारांवर, सावकाश का होईना, पण न पडता खाली यायच्या. तिसऱ्या हंगामाआधी स्वतःचा बोर्ड घ्यायचं ठरलं. बूट आणि बाइंडिंग (बूट बोर्डाला जखडणारी, बोर्डाच्या भोकांत स्क्रूने बसवायची पकड) त्यांनी नवी घेतली, पायाच्या मापाची, आणि योग्य घेतली. बोर्डावर मात्र पैसे वाचवायचे म्हणून कुणीतरी वापरलेला १५२ सेंटीमीटरचा ऑल-माउंटन, म्हणजे सगळ्या प्रकारच्या उतारांसाठीचा, बोर्ड घरी आला. कंबर, म्हणजे बोर्डाचा मधला सगळ्यांत अरुंद भाग, २५ सेंटीमीटर, रेफरन्स स्टान्स ५३.

रेफरन्स म्हणजे बोर्ड बनवणाऱ्याने आखून दिलेली जागा. बोर्डाची वक्रता, लवचीकपणा, कडेची लांबी हे सगळं तिथे पाय असतील असं धरून जुळवलेलं असतं. पुष्कळ बोर्डांवर त्या भोकांशेजारी बारीक रेघ किंवा ठिपका छापलेला असतो. याही बोर्डावर होता, पण जुन्या मेणाच्या आणि स्टिकरच्या थराखाली दबलेला. डोळ्यांत भरत होत्या त्या दुसऱ्याच खुणा. आधीच्या मालकाच्या बाइंडिंगने वर्षानुवर्षं दाबून टॉपशीटवर, म्हणजे बोर्डाच्या वरच्या पृष्ठभागावर, दोन गोल वण पाडले होते. मित्राने नवी बाइंडिंग बरोबर त्या वणांवर ठेवली आणि स्क्रू आवळले. त्यात त्याला वावगं वाटलं नाही. कुणीतरी इथेच लावून चालवत होतं, तर ते योग्यच असणार.

एका बाइंडिंगच्या डिस्कच्या, म्हणजे तळाच्या गोल चकतीच्या, मध्यापासून दुसऱ्या डिस्कच्या मध्यापर्यंत टेप लावली तर ते अंतर ५७ भरत होतं. पण टेप तेव्हा कुणी लावलीच नव्हती. पुढच्या पायाचा कोन अधिक १५, म्हणजे बोर्डाच्या पुढच्या टोकाकडे १५ अंश वळवलेला, मागचा शून्य.

अडचण

डिसेंबरातल्या सुरुवातीच्या फेऱ्यांतच उजव्या, म्हणजे मागच्या गुडघ्याची आतली बाजू दुखू लागली. आधी संध्याकाळी गाडीतून उतरताना, नंतर दुपारी लिफ्टवर बसल्या बसल्या, मग दुसऱ्याच फेरीला. दुखण्याइतकीच दुसरी गोष्ट वहिनींना खुपत होती. आधी येत होतं तेही येईनासं झालं होतं. टाचेच्या कडेवरून बोटांच्या कडेवर जाताना गुडघे वाकण्याऐवजी कंबर वाकायची, उजवा खांदा पुढे फेकला जायचा आणि बोर्डाची शेपटी लाथ मारल्यासारखी घसरत फिरायची. मांड्या लवकर भरून यायच्या.

फोनवरच्या पहिल्या बोलण्यात त्यांचं एक वाक्य माझ्या लक्षात राहिलं. "अरे, भाड्याच्या त्या डबड्यांवर दोन वर्षं काढली, कधी गुडघा म्हणून दुखला नाही. स्वतःचा चांगला घेतला आणि हे."

सगळ्या प्रकरणाचा धागा या वाक्यात होता. भाड्याच्या दुकानातला माणूस उंची, वजन आणि बुटाचा नंबर विचारून बोर्ड देतो आणि बाइंडिंग बहुतेक वेळा रेफरन्सवर किंवा त्याच्या जवळ असतात. म्हणजे वहिनी दोन वर्षं मापाच्या बोर्डावर मापाच्या स्टान्सने चालवत होत्या, फक्त त्यांना ते माहीत नव्हतं. तिसऱ्या वर्षी एकदम तीन गोष्टी बदलल्या: बोर्डाची लांबी, पायांतलं अंतर आणि मागच्या पायाचा कोन.

पायांत अंतर जास्त झालं की नेमकं काय होतं ते इथेच सांगतो. उभं राहिल्यावर पाय इंग्रजी 'ए'सारखे तिरपे होतात. तळव्यावरचा भार आतल्या कडेला सरकतो. गुडघा वाकवला की त्याने दुसऱ्या बोटाच्या रेषेत पुढे जायला हवं. पण तळवा बोर्डाला काटकोनात, म्हणजे शून्य अंशावर जखडलेला असेल आणि माणूस उताराकडे तोंड करायला धडपडत असेल, तर मागचा गुडघा आत कोसळतो. प्रत्येक वळणाला थोडाथोडा. आतल्या बाजूला दुखणार नाही तर काय होणार? शिवाय फार फाकलेल्या पायांनी खाली बसायला जागाच उरत नाही, म्हणून शरीर कंबरेतून वाकतं.

रुंद स्टान्स वाईट असतो असा याचा अर्थ नाही. करामतींसाठी बांधलेल्या पार्कमध्ये उड्या मारणारे, लोखंडी रेलवरून घसरत जाणारे मुद्दाम रुंद ठेवतात. उतरताना पाया मोठा मिळतो, नोज आणि टेल, म्हणजे बोर्डाचं पुढचं टोक आणि शेपटी, दाबायला जोर मिळतो, दोन पायांनी बोर्ड पिळणं सोपं जातं. आधीचा मालक कदाचित तसाच कुणी असेल. त्याच्यासाठी ५७ ठीक होते.

पहिला उपाय, आणि तो का फसला

मित्राने इंटरनेटवर वाचलं, बोर्डाचा रेफरन्स शोधला, टेप लावली आणि ५७ बघून चमकला. ५३ करायचं ठरलं. इथपर्यंत सगळं बरोबर.

पण मागच्या बाइंडिंगचा एक स्क्रू हलेना. हे स्क्रू एम-६ जातीचे असतात आणि त्यांना ३ नंबरचा फिलिप्स, म्हणजे फुलीच्या टोकाचा स्क्रूड्रायव्हर, लागतो. घरात असतो तो २ नंबरचा. त्याने जोर केला की डोक्यातली खाच झिजते, आणि एकदा झिजली की स्क्रू आणखीच हट्टाला पेटतो. मित्राने मागचं बाइंडिंग तसंच सोडलं आणि पुढचं दोन भोकं आत घेतलं. बोर्डावर भोकांच्या ओळी दोन-दोन सेंटीमीटरवर होत्या. दोन ओळी आत म्हणजे चार सेंटीमीटर कमी. टेप लावली, ५३. काम झालं.

पुढच्या शनिवारी वहिनींची अवस्था आधीपेक्षा वाईट. गुडघा थोडा कमी दुखला, पण बोर्ड वळेचना. पुढचं टोक उगाच लांब वाटत होतं, वळण सुरू व्हायला उशीर लागत होता, आणि सगळं वजन मागच्या मांडीवर. दोघांनी निष्कर्ष काढला की अंतर कमी केलं की बिघडतं, आधीचंच बरं होतं. त्या रात्री पुढचं बाइंडिंग परत बाहेर जाणार होतं. तेवढ्यात मला फोन आला.

एकच बाइंडिंग सरकवलं की अंतर तर बदलतंच, पण दोन पायांचा मध्यही सरकतो, आणि तोही सरकवलेल्या अंतराच्या निम्म्याने. इथे पुढचं बाइंडिंग चार सेंटीमीटर आत आलं, म्हणजे वहिनींच्या शरीराचा मध्य शेपटीकडे दोन सेंटीमीटर गेला. ताज्या, खोल बर्फात लोक हे मुद्दाम करतात, पुढचं टोक वर तरंगावं म्हणून. त्याला सेटबॅक म्हणतात. दाबून गुळगुळीत केलेल्या कडक उतारावर, नुकतंच शिकणाऱ्या माणसाला, ५५ किलो वजनाला आधीच लांब असलेल्या बोर्डावर दोन सेंटीमीटरचा जादा सेटबॅक म्हणजे नोजला कायमची रजा. वळण सुरू होतं ते पुढच्या पायाच्या दाबाने, आणि तो दाबच जागेवर पडत नव्हता.

रेफरन्स हा आकडा नाही. ती भोकांची एक ठरलेली जोडी आहे. ५३ अंतर त्या बोर्डावर तीन वेगवेगळ्या ठिकाणी बसवता येतं, आणि त्यातलं एकच रेफरन्स. दुकानात काम करणाऱ्यांना हे इतकं अंगवळणी पडलेलं असतं की ते कधी सांगतच नाहीत.

मोजमाप

बोर्ड चालवणं दोन-तीन आठवडे थांबवायला मी सांगितलं आणि गुडघा आधी फिजिओथेरपिस्टला दाखवायला लावला. तिने तपासलं, अस्थिबंध शाबूत असल्याचं सांगितलं, मांडी आणि पुठ्ठ्याच्या स्नायूंचे व्यायाम दिले आणि दुखेनासं झाल्यावर सोप्या उतारांपासून सुरुवात करायला परवानगी दिली. माझं काम त्यानंतरचं.

किती अंतर हवं याची सुरुवात करण्यासाठी लोक वेगवेगळे ठोकताळे वापरतात. आम्ही घरातल्या गालिच्यावर सगळे करून पाहिले.

खांद्याइतकं किंवा थोडं जास्त, हा सगळ्यांत जुना ठोकताळा. वहिनींच्या खांद्यांची बाहेरून रुंदी ४० भरली. 'थोडं जास्त' म्हणजे किती, याचं उत्तर ज्याचं त्याने द्यायचं. माझ्या मते हा ठोकताळा फक्त कुणी वेडपटासारखं ६५ करू नये एवढ्यापुरता कामाचा.

दुसरा, टाचेपासून गुडघ्याच्या वाटीपर्यंतची उंची. ती आली ४५.

तिसरा मला सर्वांत पटतो. बूट घालून, खाली न बघता जागच्या जागी उडी मारायची आणि जिथे पाय पडतील तिथे थांबायचं. मित्राने प्रत्येक वेळी टाचांच्या मध्यावर चिकटपट्टीचा तुकडा लावला. पहिल्या उडीला माणूस विचार करतो, म्हणून ती सोडून द्यायची. वहिनींचे तुकडे ४७ आणि ४९ यांच्या मधे गोळा झाले. बूट मात्र घातलेलेच हवेत. अनवाणी उडी मारली तर पाय वेगळेच पडतात, आणि बोर्डावर आपण अनवाणी उभे राहत नाही.

उंचीवरून अंतर सांगणारे तक्ते वहिनींच्या उंचीला ४८-५० च्या आसपास नेतात. म्हणजे शरीर ४७ ते ५० म्हणत होतं आणि बोर्ड ५३. तीन ते सहा सेंटीमीटरची ही दरी दिसली तेव्हाच बोर्डाबद्दल माझ्या मनात पाल चुकचुकली होती.

मग बोर्ड गालिच्यावर ठेवला, वहिनींना बाइंडिंगमध्ये उभं केलं आणि समोरून फोनवर चित्रण केलं. अर्धवट बैठक मारायची, तीन सेकंद थांबायचं, उठायचं. आधीच्या मांडणीत, म्हणजे ५७ आणि मागचा पाय शून्यावर, उजवा गुडघा अंगठ्याच्याही आत गेलेला स्पष्ट दिसत होता. वहिनींनी तो व्हिडिओ दोनदा बघितला आणि म्हणाल्या, "हे मी दिवसभर करत होते?"

पर्याय

समोर पाच वाटा होत्या, आणि सगळ्या सारख्या वजनाच्या नव्हत्या.

अंतर ५७च ठेवून फक्त मागच्या पायाचा कोन उघडणं हा पहिला. पाय बाहेरच्या बाजूला वळवला, उणे १२ किंवा १५ केला, की रुंद स्टान्समध्येही गुडघा बोटांच्या रेषेत येऊ शकतो. अंतर आणि कोन हे एकमेकांना बांधलेले असतात. जितकं फाकाल तितके पाय बाहेर वळवावे लागतात. पण ५७ या अंगकाठीला इतकं जास्त होतं की कोनाने दुखणं कदाचित थांबलं असतं, वाकता मात्र आलं नसतं.

आतल्या बाजूला कललेल्या पायपट्टीची बाइंडिंग घेणं हा दुसरा. अशा पट्ट्यांचा उपयोग होतो, मी स्वतः वापरतो. पण चुकीच्या अंतरावरचं ते पांघरूण झालं असतं, आणि वहिनींची बाइंडिंग कोरी करकरीत होती. हा पर्याय चहा संपायच्या आत निकालात निघाला.

उरले तीन: खऱ्या रेफरन्सवर ५३, सगळ्यांत आतल्या भोकांवर ४९, किंवा बोर्डच बदलणं.

या बोर्डावर प्रत्येक पायाला भोकांच्या सहा ओळी होत्या. डिस्कचे स्क्रू चार सेंटीमीटरच्या चौकोनात बसतात, त्यामुळे दर पायाला चार जागा मिळतात. रेफरन्स आतून दुसऱ्या जागेवर होता. म्हणजे दोन्ही बाजूंनी एक-एक ओळ आत घेतली की ४९, आणि त्याच्या आत जायला वाटच नाही. वहिनींना हवं असलेलं अंतर या बोर्डाच्या अगदी शेवटच्या टोकाला होतं. मी मित्राला तेव्हाच म्हटलं, "मापाला कडेच्या भोकांत जावं लागतंय ना, तर मग तो बोर्ड तिचा नाही." मित्राचं उत्तर व्यवहाराला धरून होतं: बोर्ड आताच घेतलाय, हंगाम अर्धा बाकी आहे, निदान हा तरी चालवून बघू. वहिनी त्याच्या बाजूने होत्या. बोर्ड बदलण्याचा विषय पुढच्या हंगामावर गेला.

मग ५३ की ४९? गालिच्यावर ४९ला गुडघे सरळ जात होते. ५३ला अर्ध्या वाकेपर्यंत ठीक, पुढे उजवा किंचित आत. तरीही पहिली फेरी ५३वर करायची असं मी ठरवलं. आधीच्या शनिवारचा '५३ म्हणजे वाईट' हा ग्रह दोघांच्या डोक्यात पक्का बसला होता, आणि तो आकड्यामुळे नव्हे तर सरकलेल्या मध्यामुळे आला होता, हे त्यांच्या पायांना कळणं गरजेचं होतं. तोंडी सांगून ते पटत नाही.

मागच्या पायाचा कोन मात्र त्याच वेळी बदलला, उणे ९ केला. शिकवताना मी एका वेळी एकच गोष्ट बदलायला सांगतो आणि इथे दोन बदलल्या, जाणूनबुजून. शून्य अंशावर तो गुडघा पुन्हा उतारावर नेणं मला मान्य नव्हतं. त्याची किंमत अशी की दुखणं नेमकं कशाने कमी झालं, अंतराने की कोनाने, याचं उत्तर या प्रकरणातून मिळत नाही.

काय केलं

अडलेला स्क्रू ३ नंबरच्या फिलिप्सने, वरून अंगाचा भार देऊन निघाला. जागी नवा घातला. जुन्यांच्या आट्यांवर निळा चिकट लेप असतो, स्क्रू आपोआप सैल होऊ नयेत म्हणून. वारंवार काढघाल केली की तो लेप संपतो. स्टान्स शोधण्याच्या काळात स्क्रू सारखे काढले जातात, म्हणून पहिल्या फेरीनंतर खिशातल्या पान्याने सगळे आठ तपासायचे. आमचे दोन सैल निघाले.

पुन्हा सुरुवात फेब्रुवारीत, कीस्टोनला. डेन्व्हरहून आय-७० ने आयझेनहॉवर बोगद्यापलीकडे उतरलं की जवळ, आणि तिथला स्कूलमार्म हा उतार डर्कम डोंगराच्या माथ्यापासून थेट पायथ्यापर्यंत हिरवा. लांबलचक, सौम्य, मधे मधे सपाट. स्टान्स तपासायला यापेक्षा चांगली जागा मला माहीत नाही: तीच ती वळणं पुन्हा पुन्हा करता येतात आणि सपाट तुकड्यांवर बोर्डाची कड अडकते की नाही तेही कळतं.

खऱ्या ५३वर पहिली फेरी. अर्ध्या उतारावर वहिनी थांबल्या आणि वळून म्हणाल्या, "हा वळतोय रे." एवढं पुरेसं होतं. आकडा तोच, जागा दुरुस्त, आणि पुढचा पाय दाबला की नोज ऐकत होती. पण उताराच्या खालच्या, जरा तीव्र भागात कंबरेतून वाकणं परत आलं. मी मागून चित्रण करत होतो. त्यांना खाली बसायचं होतं आणि पाय देत नव्हते.

जेवणाच्या सुट्टीत दोन्ही बाइंडिंग एक-एक ओळ आत घेऊन ४९ केलं. फरक चित्रणात बघायची गरजच नव्हती. गुडघे वाकले, पाठ सरळ राहिली, टाचेवरून बोटांवर जाणं झटपट झालं. दुपारी दोनपर्यंत मला वाटलं, झालं काम.

मग ऊन आणि गर्दीने बर्फ उकरला जाऊन त्याचे ढिगारे झाले, आणि ४९ची दुसरी बाजू दिसली. दोन्ही पाय मध्याकडे आल्यामुळे १५२च्या बोर्डाचा बराच भाग पायांच्या बाहेर उरला होता. प्रत्येक ढिगाऱ्यावर नोज फडफडायची आणि वहिनी मागे-पुढे डुलायच्या. वेग वाढला की जास्तच. एकदा सपाटीवर टाचेची कड अडकून त्या सपशेल पाठीवर आदळल्या. हेल्मेट होतं, इजा नाही, पण आत्मविश्वासाला धक्का बसला. हलका माणूस, लांब बोर्ड आणि अरुंद स्टान्स असला की बोर्ड पायांखाली राहण्याऐवजी पायांभोवती हलतो.

त्या संध्याकाळी गाडीत चर्चा झाली. मित्र म्हणाला परत ५३. वहिनी म्हणाल्या ४९च, पडले तरी गुडघा दुखत नाहीये. मला मधलं हवं होतं, आणि भोकं तर दोन-दोन सेंटीमीटरने उडी मारतात. एकच बाइंडिंग बाहेर नेऊन ५१ करता आलं असतं, पण मग मध्य एक सेंटीमीटर सरकणार; तो धडा ताजा होता.

उपाय डिस्कमध्ये होता. बाइंडिंगच्या गोल चकतीत स्क्रूसाठी लांबट खाचा असतात. सहसा चकती अशी बसवतात की खाचा बोर्डाच्या रुंदीत येतील, म्हणजे बूट टाचेकडे किंवा बोटांकडे सरकवून मधोमध आणता येतो. तीच चकती पाव फेरा फिरवली की खाचा बोर्डाच्या लांबीत येतात. दोन्ही बाइंडिंग एकेक सेंटीमीटर बाहेर सरकवली. अंतर ५१, मध्य जिथल्या तिथे.

याचीही किंमत आहेच. चकती फिरवली की टाच-बोटं जुळवायची सोय जाते. वहिनींचे बूट अर्धा सेंटीमीटर टाचेकडे गेले. त्यांच्या बाइंडिंगचा टाचेमागचा कमानीसारखा भाग स्क्रूंवर पुढे-मागे होत होता, त्यातून थोडं भरून काढलं. लहान बूट आणि २५ सेंटीमीटर कंबर असताना बोटं बर्फाला घासण्याचा धोका नव्हताच. उलट बोर्ड त्यांच्या पायाला रुंद होता, हे तो बोर्ड त्यांचा नसल्याचं दुसरं लक्षण.

काय झालं

उरलेला हंगाम ५१, अधिक १५ आणि उणे ९ वर गेला. गुडघा रोजच्या फेऱ्यांना शांत राहिला. वळणं भाड्याच्या बोर्डावर जिथे सोडली होती तिथपर्यंत परत आली आणि निळ्या उतारावर थोडी पुढे गेली.

पुढच्या डिसेंबरात वहिनींनी भाड्याने बायकांसाठीचा १४४चा बोर्ड घेऊन बघितला. रेफरन्स ४९. बाइंडिंग स्वतःची, रेफरन्सवर, डिस्क नेहमीसारखी, कोन तेच. ढिगाऱ्यांतून ४९वर जे डुलणं १५२ला होत होतं ते इथे नाही, कारण पायांबाहेरचा बोर्ड त्याच प्रमाणात लहान झाला होता. त्याच आठवड्यात १५२ विकायला निघाला.

सगळं सुटलं असं मात्र नाही. टेकाडांच्या उतारावर, म्हणजे मोगल्समध्ये, उजवा गुडघा अजून कुरकुरतो. तीव्र निळ्यावर बोटांच्या कडेवर जाताना उजवा खांदा अजूनही पुढे फेकला जातो. ही सवय ५७च्या काळात लागली की आधीपासून होती, यावर आमच्यात एकमत नाही. माझं मत: आधीपासून थोडी होती, रुंद स्टान्सने ती मुरवली. आता ती शिकूनच जाईल, पान्याने नाही.

वेगळं काय करता आलं असतं

बाइंडिंग बसवायच्या दिवशी मेण खरवडून रेफरन्सची खूण शोधली असती तर हे प्रकरणच उभं राहिलं नसतं. जुना बोर्ड घेणाऱ्या प्रत्येकाला मी आता हेच आधी करायला सांगतो: टॉपशीटवरचे वण विसरा, छापलेली खूण शोधा. खूण पुसली असेल तर उत्पादकाच्या त्या वर्षीच्या तपशिलात आकडा मिळतो. मग दोन टोकांपासून मोजून मध्य पकडायचा, सेटबॅक दिला असेल तर तो धरून. ज्या बोर्डांवर भोकांऐवजी सलग खाच असते, बर्टन कंपनीच्या 'चॅनल'सारखी, तिथे तर बाइंडिंग कुठेही सरकतं, त्यामुळे कडेचे आकडे वाचून दोन्ही बाजू लिहून ठेवल्याशिवाय काही बदलू नये.

दोन हंगाम सुखाचे गेले तेव्हा भाड्याच्या बोर्डाची लांबी आणि स्टान्स कुणीतरी फोनवर टिपून ठेवायला हवा होता. बोर्ड परत देण्याआधी एक टेप, एक फोटो. स्वतःचा बोर्ड घेताना यापेक्षा चांगला आधार नाही, कारण तो तुमच्याच शरीराने तपासलेला असतो.

आणि बोर्ड फेब्रुवारीतच बदलायला हवा होता का? माझं तेव्हाही मत होतं की हो. कडेच्या भोकांत जावं लागतंय एवढं लक्षण मला पुरेसं होतं. मित्राचं म्हणणं असं की ४९वर पडल्याशिवाय आणि ५१वर सावरल्याशिवाय वहिनींना १४४चा फरक कळलाच नसता, नुसता नवा बोर्ड आवडला असता. त्याच्या म्हणण्यात तथ्य आहे, पण ५१ची ती जुळवाजुळव करायला माझ्याकडे पाना होता आणि शनिवार मोकळे होते. दुकानात जाऊन दर वेळी पैसे मोजणाऱ्या माणसाला मी दुसऱ्याच दिवशी लहान बोर्ड भाड्याने घेऊन बघ म्हणेन.

फिजिओकडे जायला जो उशीर झाला तो मात्र कुणालाच समर्थनीय वाटत नाही. दुसऱ्या फेरीला गुडघा दुखायला लागला तेव्हाच थांबायला हवं होतं. त्याऐवजी दोन शनिवार 'सवय होईल' म्हणत गेले. आता वहिनींच्या जॅकेटच्या खिशात ३ नंबरचा छोटा पाना असतो आणि बोर्डाच्या वरच्या बाजूला, पुढच्या बाइंडिंगशेजारी, चिकटपट्टीवर पेनाने लिहिलेलं असतं: ४९, +१५, -९.